डब्लिनला नव्याने आलात? आधी या बायका माहीत करून घ्या

पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक), बँक, भाड्याचं घर याबद्दल व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीही सांगेल. पण ऑफिसात चहाच्या वेळी आपली माणसं गप्प बसतात, कारण चाललंय कुणाबद्दल तेच कळत नाही. म्हणून हे लिहितेय.

पहिलं, आणि हे दोनदा वाचा: आयर्लंड म्हणजे यूके नाही. बॉक्सर केटी टेलरला ब्रिटिश म्हणू नका. एका नव्या मुलाने टेबलावर म्हटलं. कुणी चिडलं नाही. इथे थोडा राग आला तर विनोद करतात, फार आला तर हवामानाचा विषय काढतात. तसा निघाला, आणि नंतर बरेच दिवस त्याला कुणी चहाला हाक मारली नाही. आपल्यातले जुने लोकही घरी फोनवर खुशाल ‘आम्ही यूकेला असतो’ सांगतात, मग नवे तेच शिकतात. केटी ब्रे गावची. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं, तेव्हा तिने सुवर्ण जिंकलं. त्याच स्पर्धेत आपल्या मेरी कोमला कांस्य मिळालं. एवढं बोललात तरी अर्धा तास गप्पा होतील. उत्तर आयर्लंडच्या राजकारणात मात्र नव्या माणसाने पडू नये.

बॉक्सर केली हॅरिंग्टन माझी लाडकी. टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे सुवर्ण. टोकियोहून आल्यावरही फेअरव्ह्यूच्या मनोरुग्णालयातली सफाईची नोकरी तिने सोडली नाही. ती डब्लिनच्या पोर्टलंड रोची, म्हणजे ‘त्या भागात घर बघू नका हं’ असं आपली मंडळी ज्या भागाबद्दल सांगतात, तिथली. रात्री सांभाळून राहा, ते कुठेही राहावंच. पण तिथल्या माणसांना नावं ठेवण्याआधी एकदा दिवसाउजेडी चालून या.

मेरी रॉबिन्सन 1990 मध्ये पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्यांच्यामागून बेलफास्टच्या मेरी मॅकलीस. 2011 पर्यंत दोन मेरीच. इथल्या मुलांना पुरुष राष्ट्राध्यक्ष होतो हेच नवल वाटलं असेल!

गायिका शिनेड ओ'कॉनरचं नाव जपून काढा. 1992 मध्ये तिने अमेरिकन टीव्हीवर पोपचा फोटो फाडला आणि शिव्या खाल्ल्या. पुढे चर्चच्या संस्थांमधले मुलांवरचे अत्याचार उघड झाले. 2023 मध्ये ती गेली, तेव्हा ब्रेच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर निरोपाला गर्दी लोटली. वयस्कर शेजारणीसमोर आधी तिचं मत ऐका.

सविता हलप्पनवार आयरिश नव्हती, पण हे नाव इथे घराघरात माहीत आहे. माहेर बेळगावचं, व्यवसायाने दंतवैद्य. 2012 मध्ये गॉलवेला गर्भपात नाकारला गेला आणि ती गेली. 2018 च्या सार्वमतात गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठली. तुम्ही भारतीय म्हटल्यावर कुणी हा विषय काढला, तर हसून टाळू नका.

मुलगी असेल तर जवळच्या जीएए (आयरिश देशी खेळांची संघटना) क्लबात कॅमोगी, म्हणजे काठी-चेंडूचा बायकांचा खेळ, किंवा गेलिक फुटबॉलला घाला. शनिवारी मैदानाकडेला थर्मास घेऊन उभं राहिलात की ओळखी होतात. फक्त गणपतीत भेटणाऱ्यांच्या वर्षानुवर्षं होत नाहीत.

आणि बायकांनो, 25 ते 65 वयात गर्भाशयमुखाची तपासणी इथे मोफत आहे. याच तपासणीत चुकीचा निकाल मिळालेल्या आणि पुढे कॅन्सर झालेल्या व्हिकी फेलनने 2018 मध्ये गुप्ततेच्या करारावर सही करायला नकार दिला, म्हणून या तपासणीतला घोटाळा बाहेर आला. ती 2022 मध्ये गेली. पत्र आलं की जाहिरात समजून फेकू नका, त्याच दिवशी वेळ घ्या.