विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पाचे पेटंट कसे मागावे: दावा आधी, बाकीचे नंतर

महाविद्यालयांतल्या बौद्धिक संपदेच्या कार्यशाळांतून विद्यार्थी बहुधा व्याख्या आणि अधिनियमांची वर्षे पाठ करून बाहेर पडतात, पण समोरच्या प्रकल्पाचे नेमके काय करायचे हे त्यांना कोणी सांगत नाही. विद्यार्थ्यांचे अर्ज तयार करताना वारंवार जे दिसत आले आहे, त्यावरून पेटंट मागण्याची ही पद्धत येथे मांडत आहे. तिचा गाभा आहे दावा, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागत आहोत हे सांगणारे विधान. प्रकल्प तयार आहे, तो चालतो आणि त्याच्या कच्च्या नोंदी तारखांसह वहीत आहेत, असे गृहीत धरले आहे.

१. कशाला कोणता हक्क, हे ठरवा

एकाच प्रकल्पात अनेक हक्क असतात. प्रकल्पासाठी लिहिलेली संगणक आज्ञावली, अहवाल आणि आकृत्या यांना कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार निर्मितीपासूनच संरक्षण मिळते, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि ते लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. वस्तूचे बाह्य रूप डिझाइन म्हणून १० आणि पुढे ५ वर्षांसाठी नोंदवता येते. नाव आणि बोधचिन्ह यांसाठी ट्रेडमार्क असतो. यंत्र काम कसे करते, यासाठी मात्र पेटंट अधिनियम, १९७० कडेच जावे लागते आणि तेथील मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. तारखेचा पुरावा म्हणून कागदपत्रे स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवून पाकीट न उघडता ठेवण्याचा सल्ला आजही दिला जातो. पेटंटच्या बाबतीत त्याचा काहीही उपयोग नाही, कारण एकच शोध दोघांनी लावला तर आपल्याकडे आधी अर्ज दाखल करणाऱ्याला प्राधान्य मिळते.

२. अर्ज दाखल होईपर्यंत प्रकल्प दाखवू नका

शोध एकदा जाहीर झाला की त्याचे नावीन्य संपते, मग तो जाहीर करणारा स्वतः शोधक असला तरी. पेटंट अधिनियमाच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन किंवा विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरतीच आहे. महाविद्यालयाचा तंत्रोत्सव, यूट्यूबवरची चित्रफीत किंवा ग्रंथालयात सर्वांसाठी ठेवलेला प्रबंध तीत बसेल, असे मानून चालू नये. प्रात्यक्षिकाची तारीख जवळ आली असेल तर आधी अर्ज दाखल करावा.

३. पूर्वज्ञान शोधा

पूर्वज्ञान म्हणजे आपल्या विषयात आधीच जाहीर झालेली माहिती. ती भारतीय पेटंट कार्यालयाची शोधप्रणाली, एस्पासनेट (युरोपीय पेटंट कार्यालयाची शोधप्रणाली) आणि गूगल पेटंट्स या तिन्ही ठिकाणी शोधावी, आणि नियतकालिके व जुनी पुस्तकेही चाळावीत. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले, ते आपल्याकडच्या जुन्या लिखित पुराव्यांच्या बळावर. पूर्वज्ञान म्हणजे केवळ आधीची पेटंटे, असे समजणारा शोध अर्धाच राहतो.

४. दावा लिहा

सर्वांत अवघड टप्पा हाच आहे, आणि मलाही सुरुवातीला याच ठिकाणी सर्वाधिक झगडावे लागले. पेटंटच्या विवरणात पार्श्वभूमी, आकृत्या, वर्णन असे बरेच काही असते, पण कायदा संरक्षण देतो ते शेवटी लिहिलेल्या दाव्यांना. खरेदीखतात जमिनीचे कितीही वर्णन केले तरी मालकी चतुःसीमेपुरतीच असते, तसेच हे आहे. तरीही बहुतेक विद्यार्थी पंधरा पाने वर्णन लिहून झाल्यावर शेवटच्या रात्री दावे उरकतात, आणि अनेक मार्गदर्शिकाही हाच क्रम शिकवतात. हा क्रम उलटा आहे. पहिला दावा आधी लिहावा, कारण तो लिहिताना आपल्या शोधात नवे काय आहे हे कळते, आणि पुष्कळदा आपण समजत होतो ते नवे नव्हतेच हेही कळते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कांदाचाळीत सडू लागलेला कांदा वायूवरून ओळखून शेतकऱ्याला मोबाइलवर संदेश पाठवणारी यंत्रणा एका गटाने बनवली. पहिल्या मसुद्यातला दावा बहुधा असा असतो: ‘कांदाचाळीसाठी वायू संवेदक, मायक्रोकंट्रोलर आणि संदेश पाठवणारा घटक असलेली स्मार्ट यंत्रणा.’ हा दावा टिकणार नाही. वायू संवेदक आणि मोबाइल संदेश दोन्ही जुने आहेत, आणि कलम ३ च्या खंड (च) नुसार, ज्ञात साधने नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करत राहिले, तर त्या मांडणीला शोध म्हणत नाहीत. विद्यार्थ्यांचे प्रकल्प सर्वाधिक अडकतात ते याच खंडात, तरी कार्यशाळांत त्याचा उल्लेखही क्वचितच होतो. सगळा भर खंड (ट) वर, म्हणजे निव्वळ संगणक आज्ञावलीला पेटंट नाही या नियमावर असतो.

अशा वेळी गटाला एकच प्रश्न विचारावा: तुमच्या यंत्रणेतला कोणता भाग दुसऱ्या भागामुळे असे काही करतो, जे तो एकटा करू शकला नसता? समजा उत्तर असे आले की चाळीच्या वेगवेगळ्या थरांत बारीक नळ्या बसवल्या आहेत, एक फिरती झडप त्या पाळीपाळीने उघडते, सर्व नळ्यांतली हवा एकाच संवेदकावर येते, आणि झडपेची स्थिती व संवेदकाचे वाचन एकत्र जुळवून कोणत्या थरात सड लागली हे ठरते. शोध असेल तर येथे आहे, आणि दावाही येथेच बांधायचा: ‘साठवलेल्या शेतमालातील सडीचे स्थान ओळखणारी यंत्रणा, जिच्यात साठ्याच्या वेगवेगळ्या थरांत उघडणाऱ्या अनेक नळ्या, त्या नळ्या क्रमाने एका सामायिक वायू संवेदकाशी जोडणारी झडप, आणि झडपेची स्थिती व संवेदकाचे वाचन यांची सांगड घालून सडीचा थर निश्चित करणारा नियंत्रक आहे.’

या मसुद्यात ‘कांदा’ शब्द नाही, कारण तो घातला तर बटाट्याच्या गोदामात हीच यंत्रणा वापरणारा दाव्याबाहेर राहतो. कांदा, नळीचा व्यास, संवेदकाचा प्रकार हे तपशील पुढच्या, पहिल्यावर अवलंबून असणाऱ्या दाव्यांत एकेक करून यावेत, म्हणजे पहिला दावा पडला तरी त्यांतला एखादा उभा राहू शकतो. ‘स्मार्ट’, ‘कार्यक्षम’, ‘स्वस्त’ ही विशेषणे दाव्यातून निर्दयपणे काढावीत. ज्याची सीमा मोजता येत नाही, असा शब्द परीक्षकाच्या पहिल्याच आक्षेपाला बळी पडतो.

दावा पक्का झाला की त्यातला प्रत्येक शब्द वर्णनात आणि आकृतीत सापडतो का, ते शब्दागणिक ताडून पाहावे. कलम ५९ नुसार दाखल झालेल्या विवरणात नंतर नवा मजकूर घालता येत नाही. झडप कशी फिरते हे सांगायचे राहिले, तर ते कायमचे राहिले.

५. तात्पुरते विवरण दाखल करायचे असेल तर

तात्पुरते विवरण म्हणजे अर्जाची तारीख लवकर मिळावी म्हणून पूर्ण विवरणाच्या आधी दिलेले वर्णन. त्यात दावे द्यावे लागत नाहीत, आणि ते दाखल केल्यापासून १२ महिन्यांत पूर्ण विवरण न दिल्यास अर्ज सोडून दिला असे मानले जाते. ‘दोन परिच्छेद टाका, तारीख मिळेल’ हा सल्ला मला घातक वाटतो, कारण जे तात्पुरत्या विवरणात सांगितलेलेच नाही, त्याला त्या तारखेचे प्राधान्य मिळत नाही. दावा स्वतःपुरता लिहून ठेवावा आणि त्याला पुरेल इतके संपूर्ण वर्णन व आकृत्या तात्पुरत्या विवरणातच द्याव्यात.

६. शोधक आणि मालक ठरवा

दाव्यातल्या कल्पनेत ज्यांचा प्रत्यक्ष वाटा आहे, तेच शोधक. मार्गदर्शकांचा वाटा असेल तर त्यांचे नाव आलेच पाहिजे. केवळ पदामुळे विभागप्रमुखांचे नाव घालू नये आणि आदरापोटीही घालू नये. विद्यार्थी हा महाविद्यालयाचा कर्मचारी नसतो. मालकी संस्थेकडे द्यायची असेल तर तसे हस्तांतरण लेखी लागते, आणि सही करण्यापूर्वी संस्थेचे बौद्धिक संपदा धोरण वाचावे.

७. अर्ज भरा

नमुना १ (अर्ज), २ (विवरण) आणि ३ (परदेशातील अर्जांची माहिती) ऑनलाइन भरावेत आणि पूर्ण विवरणासोबत नमुना ५ (शोधक कोण याची घोषणा) जोडावा. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. व्यक्ती आणि शैक्षणिक संस्था यांना ३० पाने व १० दाव्यांपर्यंत १,६०० रुपये शुल्क आहे.

८. दाखल झाल्यानंतर

अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. प्रसिद्ध होणे म्हणजे पेटंट मिळणे नव्हे, आणि या टप्प्यावर सत्काराचे फलक लावणाऱ्या संस्था आपल्याच विद्यार्थ्यांची दिशाभूल करतात. परिचयपत्रात ‘पेटंट अर्ज प्रसिद्ध’ एवढेच लिहावे. पेटंट नसताना विक्रीच्या वस्तूवर ‘पेटंटप्राप्त’ छापणे तर कलम १२० नुसार दंडनीय आहे.

परीक्षणाची मागणी नमुना १८ भरून वेगळी करावी लागते. तिचे शुल्क ४,००० रुपये आहे, आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर मुदत प्राधान्य तारखेपासून, म्हणजे शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, ३१ महिन्यांची झाली आहे. तोपर्यंत गटातले विद्यार्थी पदवी घेऊन पांगलेले असतात आणि मागणी करायची राहून गेली तर अर्ज मागे घेतला असे मानले जाते, म्हणून ही जबाबदारी कोणाची हे अर्जाच्या दिवशीच लेखी ठरवावे. परीक्षण अहवाल आल्यावर आक्षेपांचे निराकरण करण्यासाठी ६ महिने मिळतात आणि ती मुदत ३ महिन्यांनी वाढवता येते. आक्षेप आले म्हणून अर्ज सोडू नये. ते जवळजवळ प्रत्येक अर्जावर येतात आणि पुढचे सारे काम चौथ्या पायरीवर लिहिलेल्या त्या अवलंबित दाव्यांच्या आधारेच होते.