टोल, बेदाणा आणि लगोरी: शाळेत सजगतेचे तास घ्यायचे असतील तर

सांगली-मिरजेकडच्या शाळांत मुलांना सजगता (माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे नीट लक्ष देणं) शिकवायची आहे, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे फोन हल्ली बरेच येतात. कुणी योगशिक्षक असतं, कुणी डी.एड. होऊन भरतीची वाट बघत असतं. सगळ्यांना तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

आधी एक. मुलांना डोळे मिटायला लावू नका. चौथीच्या वर्गाला एकदम डोळे मिटायला सांगितलं की निम्मी पोरं शेजारच्यानं मिटलेत का तेच बघत बसतात. ज्याच्या घरी रोज रात्री आरडाओरडा चालतो, त्याला तर डोळे मिटायची भीतीच वाटते. हे सगळं उघड्या डोळ्यांनी होतं, हसत-खिदळत होतं.

साहित्यही विकत आणायला नको. शाळेत टोल टांगलेला असतोच, बऱ्याच ठिकाणी रुळाचा तुकडा. एक ठोका द्यायचा आणि सांगायचं, आवाज ऐकू येतोय तोवर हात वर, संपला की खाली. मग भांडणं लागतात. ‘अजून येतोय ओ बाई!’ ‘खोटं, कवाच संपला!’ भांडण मिटवायला पुन्हा ठोका, आणि या वेळी वर्ग श्वास रोखून ऐकतो. ‘शांत बसा’ हे शब्द उच्चारावेच लागत नाहीत. मिरजेत सतारमेकर गल्लीच्या आसपासची शाळा असेल तर कुणाच्या तरी घरून तंबोरा मागवा. तिथली पोरं तार उतरलीय हे तुमच्या आधी सांगतील.

दुसरा खेळ बेदाण्याचा. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये ताणमुक्तीचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यातला बेदाण्याचा सराव जगभर प्रसिद्ध आहे. जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय, अशा नजरेनं एक बेदाणा न्याहाळायचा, हुंगायचा, सावकाश चावायचा. आता हे तासगावात करून बघा! तिथल्या पोरांनी सुट्टीत शेडवर बेदाणा निवडलेला असतो. ‘पहिल्यांदा बघताय असं समजा’ म्हटलं की ती तुमच्याकडे येड्यासारखं बघतात. म्हणून मी तो उलटा करून घेते. प्रत्येकानं एक बेदाणा उचलायचा, देठाकडची बाजू, सुरकुत्या, रंग नीट बघून ठेवायचा. त्याला नाव द्यायचं असेल तर द्या. पैलवान, आज्जी, काहीही चालतं. मग सगळे एका ताटात टाकून हलवायचे आणि आपापला शोधून काढायचा. एक पोरगं ताटावर वाकून म्हणालं, ‘माझा मागनं जरा काळपट हाय, गंधकाची धुरी नीट बसली नसंल.’ इतकं बारकं निरीक्षण मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकलेलं नाही. सापडला की खायचा, पण हळू. शेजारच्यानं चुकून आपली ‘आज्जी’ खाल्ली तर होणारा दंगाही तासाचाच भाग धरायचा.

हा पोरखेळ कशाला, सरळ श्वासावर लक्ष द्यायला शिकवा, असं म्हणणारे भेटतील. त्यांना ब्रिटनमधला मोठा अभ्यास सांगा. 85 शाळा, 11 ते 13 वयाची आठ हजारांहून जास्त मुलं. त्यातल्या निम्म्या शाळांत वर्गशिक्षकांनी रीतसर प्रशिक्षण घेऊन सजगतेचे तास घेतले. 2022 मध्ये निष्कर्ष आला, की नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा याचा मुलांच्या मनःस्वास्थ्याला जास्त फायदा झाला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. माझ्या मते आपल्यासाठी हाच धडा आहे. पोरं जे मधल्या सुट्टीत आपणहून पुन्हा खेळतात, तेवढंच त्यांचं झालं.

सजगतेच्या जोडीनं स्वतःवर माया करणंही शिकवायचं असतं. त्यासाठी मैदानावरच जावं लागतं, कारण हरल्याशिवाय त्याची गरज पडत नाही. लगोरी घ्या. नेम चुकला की ‘तेवढं पण जमंना व्हय’ हे शब्द गड्यांच्या तोंडून येतातच, पण पोर स्वतःला मनात जे म्हणतं ते त्याहून वाईट असतं. आमचा जादा नियम असा: नेम चुकवणाऱ्यानं आधी काय वाटतंय ते मोठ्यानं सांगायचं. ‘लाज वाटली’, ‘राग आला’, बस्स. मग आज ज्यांचा ज्यांचा नेम चुकलाय त्यांनी जागेवर उडी मारायची. शेवटी स्वतःच्या पाठीवर स्वतःच थाप मारून, जिगरी दोस्ताला जे म्हटलं असतं तेच स्वतःला म्हणायचं. क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2003 मध्ये मांडलेले तीन भाग यात आपोआप येतात: जे वाटतंय त्याची जाणीव, चुकणारे आपण एकटे नाही ही समज आणि स्वतःशी प्रेमानं वागणं. पोरांना यातलं काही सांगू नका. एक मुलगी पाठ थोपटत स्वतःला म्हणाली, ‘जाऊ दे गं, ऊन डोळ्यावर होतं.’ खरं तर ही सबब झाली. पण सुरुवातीला सबबही चालवून घ्या.

पालक विचारतील, यानं नवोदयला नंबर लागणार का? पोरं लाडावतील ही भीतीही असते. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ब्राइन्स आणि चेन यांचा 2012 चा प्रयोग इथं कामाला येतो. अवघड शब्दांच्या चाचणीत नापास झालेल्या कॉलेजच्या मुलांपैकी काहींना स्वतःशी मायेनं वागायला सांगितलं होतं. पुढच्या चाचणीसाठी त्यांनीच जास्त वेळ अभ्यास केला. पालकसभेत एवढंच सांगायचं, भाषण ठोकायचं नाही.

एक खबरदारी मात्र घ्याच. चुटक्या, मग टाळ्या, मग मांड्या बडवून पावसाचा आवाज काढायचा खेळ प्रत्येक शिबिरात असतो. कृष्णाकाठच्या गावांत मी तो घेत नाही. 2005, 2019, 2021 चे पूर तिथल्या घरांत अजून बोलण्यात असतात. पावसाचा आवाज वाढत जातो तसे काही चेहरे बदलतात. त्याऐवजी घोड्यांच्या टापा काढा.

परवानगीसाठी मुख्याध्यापकांना भेटा, शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घाला. पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार असतो, त्यात तास बसवणं सगळ्यात सोपं. शाळांतल्या ‘मित्र’ उपक्रमामुळे बऱ्याच गुरुजींना आनापान, म्हणजे विपश्यनेतला श्वासावर लक्ष ठेवायचा सराव, ठाऊक असतं. त्याच्याशी चढाओढ लावू नका. आणि आपण समुपदेशक नाही हे लक्षात ठेवा. खेळताना एखादं पोर घरचं काही भयंकर बोलून गेलं तर वर्गात खोदून विचारू नका. बाजूला शांतपणे ऐकून घ्या, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा, गरज पडली तर मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनला फोन करा. मनाच्या आजारासाठी टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर 14416.

मानधनाचं विचाराल, तर झेडपीच्या शाळेत बहुधा चहा आणि खिचडी. खासगी शाळा पैसे देतात, पण आधी फुकट एक तास बघायला मागतात. तो द्या, दुसरा देऊ नका. पहिलं वर्ष तरी शिकवणी किंवा योगवर्ग सोडू नका.