सहा टोकांचं हिमफूल

"काकू, गार म्हणजे हिमकणच ना?" माझ्या रविवारच्या वर्गात हा प्रश्न दर वर्षी येतो. नाशिकच्या पोरांनी हिमवर्षाव पाहिलेला नसतो, गारा मात्र पाहिलेल्या असतात. माझं माहेर निफाडचं, द्राक्षबागेतलं. गारांनी फुटलेले घड मी पाहिलेत. म्हणून सुरुवात गारेपासूनच करते. ढगातल्या वाऱ्याने उचललेल्या बर्फाच्या गोळीवर पाणी गोठत जातं, ती गार. हिमकणावर मात्र हवेतली वाफ थेट बर्फ होऊन चढते. पाण्याचे रेणू गोठताना सहा-सहाच्या कड्यांत जुळतात, म्हणून त्याला सहा बाजू.

असंच सहा टोकांचं हिमफूल आपण कागदातून कापू. कागद पतंगाचा घ्या, संक्रांतीनंतर घरोघरी उरलेला असतोच. वहीच्या कागदाच्या बारा पदरांपुढे लहान मुलांची कात्री अडते.

कंपासने ८ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. कंपासचं अंतर न बदलता परिघावर खुणा करत जा. बरोबर सहाव्या खुणेला सुरुवातीचा बिंदू गाठला जातो. ही गंमत मुलांना स्वतः करू द्या, आधी सांगू नका. वर्तुळ कापून समोरासमोरच्या दोन खुणांवरून अर्धं दुमडा. मग उरलेल्या दोन खुणांवरून दोन्ही बाजू एकमेकींवर आणा: ६० अंशांची पाचर, सहा पदर. ती पुन्हा मधोमध दुमडली की ३० अंश, बारा पदर.

आता कात्री हातात द्यायची, पण प्रत्येक काप उलगडण्याआधी आकडा वहीत लिहून घ्यायचा. घडीच्या कडेवर अर्धा बदाम कापला तर पूर्ण बदाम किती? मुलं हमखास बारा म्हणतात; निघतात सहा, कारण दोन अर्धे मिळून एक होतो. कडेला न लागता मधोमध भोक पाडलं तर मात्र बारा. आणि पाचरीचं टोक छाटलं तर एकच. टोक एका कडेशी काटकोनात छाटलं तर मधे षटकोन येतो, त्याहून तिरकं छाटलं तर चांदणी. यावर मी अख्खा अर्धा तास देते. सममितीची व्याख्या फळ्यावर लिहून जे कळत नाही, ते इथे बोटांना कळतं.

पहिल्या वर्षी मी सोपं म्हणून कागद चौपदरी करून पुन्हा दुमडला होता. फुलं सुंदर झाली, पण चार टोकांची. पाचवीतल्या एका मुलीने खऱ्या हिमकणाचा फोटो समोर धरला: "काकू, यात तर सहा आहेत." ती बरोबर होती. त्या दिवशी सगळी फुलं उतरवली आणि नव्याने केली. सहाच का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ साली छोट्या पुस्तकात मांडला होता, हे तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

फुलं खिडकीच्या काचेला चिकटवा. सकाळच्या उन्हात त्यांची सावली फरशीवर पडते आणि मुलं वाकून टोकं मोजत बसतात.