चाबीवाल्यांनो, या चुका टाळा: एकमेकांना काय सांगायचं आणि काय झाकायचं

सीताबर्डी, महाल, इतवारी, सदर, नागपुरात कुठंही पाहा. चाबीवाल्याच्या टपरीसमोर दुसरा चाबीवाला येऊन उभा राहिला की पहिल्याचा हात मशीनवरून निघतो आणि ब्लँकचा, म्हणजे न कापलेल्या कोऱ्या चाब्यांचा, डबा बंद होतो. हाच माणूस गिऱ्हाइकाच्या दारात कुलूप उघडताना भोवती जमलेल्या लोकांना मात्र मोठ्यानं सांगतो, "या कंपनीच्या ताल्यात काही दम नाही, दोन मिनिटांत खोलतो मी." सांगायचं ते आपण झाकतो आणि झाकायचं ते बोलून बसतो. बिघडलेली कामं, आपसातली कटकट आणि पोलीस ठाण्याच्या चकरा यांतल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ इथंच आहे, म्हणून एकेक चूक लिहितो.

ब्लँकचा नंबर गुपित समजणं

एकाच खाचेचा (कुलपाच्या भोकात बसणाऱ्या एकाच आकाराचा) ब्लँक दोन कंपन्या दोन वेगळ्या नंबरांनी विकतात. कोणत्या नंबराऐवजी कोणता चालतो हे ज्याला पाठ असतं तो ते मनात ठेवतो. ज्याला माहीत नसतं तो नजरेनं जुळवतो, जवळपास बसणारा ब्लँक थोडा घासतो आणि आत दाबतो. त्या दिवशी चाबी फिरते. पण घासून पातळ झालेलं पितळ आणि खाचेत घट्ट बसणारी कड यांचं फार दिवस जमत नाही. एक दिवस अर्धी चाबी आत राहते, अर्धी हातात येते. गिऱ्हाईक मग घरीच उपाय करतं, हातातल्या तुकड्याला फेविक्विक लावून आतल्या तुकड्याला चिकटवायला जातं, आणि कुलपातल्या पिनाच, म्हणजे चाबीच्या कापांवर बसणाऱ्या बारीक दांड्याच, चिकटून बसतात. पाच रुपयांच्या माहितीपायी पूर्ण सिलिंडर (चाबी घालायचा भाग) बदलायची वेळ येते. ब्लँकचे नंबर ठोक दुकानात भिंतीवर टांगलेले असतात, त्यात लपवण्यासारखं आहे तरी काय?

तुटलेला तुकडा काढायची गोष्टही अशीच. नवीन पोरगा आधी ओढायला लागतो. प्लग, म्हणजे चाबीसोबत फिरणारा आतला भाग, फिरलेल्या अवस्थेत असेल तर कितीही ओढा, तुकडा येत नाही, कारण खालच्या पिनांना बाहेरच्या नळीनं वरून दाबून धरलेलं असतं आणि त्या चाबीला सोडत नाहीत. आधी बारीक पेचकसानं प्लग त्या जागी आणायचा जिथं चाबी आत-बाहेर होते. मग आरीचं बारीक पातं कडेनं सरकवायचं, त्याचे दात तुकड्यात अडकले की हळू बाहेर घ्यायचं. हे शेजाऱ्याला सांगितल्यानं चोराचा कोणताच फायदा होत नाही, गिऱ्हाइकाचं कुलूप मात्र वाचतं.

लागत नाही म्हणून चाबी घासत बसणं

मला या चुकीचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण चाबी स्वतःच सांगत असते की बिघाड कुठं आहे.

चाबी पूर्ण आत जाते, फिरत नाही, पण केसभर बाहेर ओढली की फिरते? मग कापांची खोली बरोबर आहे, खांदा (चाबीच्या डोक्याजवळची पायरी) चुकलाय. वाइसमध्ये (मशीनच्या पकडीत) ब्लँक धरताना खांदा गेजला, म्हणजे जागा ठरवणाऱ्या टेकूला, नीट टेकला नव्हता आणि सगळेच काप थोडे सरकले. अशी चाबी घासून कधीच सुधरत नाही, नवीन ब्लँक घ्यायचा. कितीही मागे-पुढे करा, फिरतच नाही? मग कापांची खोली चुकलीय. काप उथळ राहिले असतील तर पुन्हा मशीनवर चढवता येते, खोल गेले असतील तर ती चाबी भंगारात. आत जाताना खरखरते, निघताना अडते? कापाच्या कडेला बर, म्हणजे धातूची बारीक कूस, राहिलीय, ब्रशच्या चाकावर दोन्ही बाजूंनी फिरवा.

खोली वारंवार चुकत असेल तर दोष हाताचा नाही, मशीनचा आहे. मशीन बंद करा, दोन्ही वाइसमध्ये एकाच जातीचे कोरे ब्लँक धरा. गाईड (मूळ चाबीवरून सरकणारं टोक) एका ब्लँकला टेकला की कटर (कापणारं चाक) दुसऱ्याला नुसता स्पर्श करायला हवा. हातानं चाक फिरवून पाहा. चाक ब्लँक खात असेल किंवा अधांतरी फिरत असेल तर गाईडचा स्क्रू ढिला करून जुळवा. कटर बदलला किंवा त्याला धार लावली की हे दर वेळी करावंच लागतं, कारण धार लावल्यावर चाकाचा व्यास कमी होतो. पिनांच्या बऱ्याच कुलपांत कापाच्या दोन खोलींमधला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. तिथं गाईड थोडाही हलला तरी चाबी दुसऱ्याच कुलपाची होऊन जाते.

आणि डुप्लिकेटवरून डुप्लिकेट कापणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. प्रत्येक वेळी थोडी चूक वाढते. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारा, कंपनीची मूळ चाबी घरी आहे का? असेल तर ती आणायला सांगा, दहा मिनिटं थांबा. शेजारच्या दुकानातल्या पोरालाही हा प्रश्न शिकवा.

गिऱ्हाइकासमोर दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवणं

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "त्या चौकातल्यानं बनवून देल्ली भाऊ, लागूनच नाही राहिली." आपलं उत्तर तयार असतं, "त्याले काय येते!" गिऱ्हाईक खूश होतं, आपलंही मन खूश होतं. पण तेच गिऱ्हाईक उद्या आपली चाबी घेऊन तिसऱ्याकडं जाणार आहे आणि तिथंही हेच ऐकणार आहे. असं दहा वेळा झालं की लोकांच्या मनात एकच गोष्ट बसते, चाबीवाले सगळे सारखेच. मग घरातली चाबी हरवली की ते आपल्याला बोलवत नाहीत, नवीन कुलूप ऑनलाइन मागवतात.

त्यापेक्षा चाबी हातात घ्या, दोष ओळखा, दुरुस्त करून द्या आणि गिऱ्हाईक गेल्यावर चौकातल्याला फोन करा. "काका, तुमचा खांद्याचा गेज सरकलेला दिसतो, जरा पाहून घ्या." वयानं मोठा माणूस असेल तर असंच बोलायचं, बरोबरीचा असेल तर हक्कानं. त्याला न सांगितलं तर तो आठवडाभर त्याच मशीनवर तशाच चाब्या कापत राहील.

दाराचं दुखणं कुलपावर ढकलणं

जूनच्या शेवटी पाऊस लागला की महालातल्या जुन्या वाड्यांतली लाकडी दारं फुगतात आणि आपल्याकडं फोन सुरू होतात, "कुलूप खराब झालं." दार उघडं ठेवून चाबी फिरवून पाहा. उघड्या दारात कुलपाची पट्टी सहज सरकत असेल तर कुलूप ठीक आहे, ती जिच्यात शिरते ती चौकटीतली पाटी सरकवायची किंवा थोडी कानस मारायची. इथं नवीन कुलूप विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला लुबाडणं, आणि पुढच्या पावसात ते नवीन कुलूपही अडकतंच.

तेलाचंही थोडक्यात सांगतो. खोबऱ्याचं किंवा मोहरीचं तेल कुलपात घालू नका, घालू देऊ नका. आपल्या उन्हाळ्यात इतकी धूळ उडते की तेलावर तिचा चिखल होतो. सुकं ग्राफाइट वापरा, आणि आत तेल असेल तर आधी ते धुऊन काढा, नाहीतर दोन्ही मिळून काळा गाळ होतो.

चिपची चाबी एकट्यानं शिकायला जाणं

गाडीची चाबी कापली, दार उघडलं, स्टार्टर फिरला, पण इंजिन लागत नाही किंवा लागून लगेच बंद पडतं. ज्यानं चिपचं काम कधी केलं नाही तो पुन्हा काप तपासत बसतो. इथं काप बरोबर आहे. चाबीतली चिप गाडीच्या इमोबिलायझरला (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला) ओळखीची नाही, ती मशीन लावून नोंदवावी लागते. दुचाकीतही असंच होतं. चाबीचं भोक झाकणारं मॅग्नेटवालं शटर असलेल्या स्कूटरला डुप्लिकेट चाबी दिली आणि तिच्यामागचा मॅग्नेटचा भाग जुळणारा नसला, तर बंद शटर उघडणारच नाही, चाबीचा काप कितीही चांगला असो.

चिप नोंदवताना सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बॅटरी न तपासता काम सुरू करणं. पूर्ण चार्ज असलेली गाडीची बॅटरी बंद अवस्थेत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर हात लावू नका. हेडलाइट, एसी, म्युझिक बंद करा, जमलं तर सपोर्टला चार्जर लावा. नोंदणी चालू असताना व्होल्टेज बसलं तर गाडीचं कंट्रोल युनिटच अडकू शकतं, आणि त्याचा खर्च आपल्या महिन्याभराच्या कमाईवर येतो. दुसरी गोष्ट, काही गाड्यांत नवीन चाबी नोंदवताना जुन्या चाब्या मेमरीतून निघून जातात. म्हणून घरातल्या सगळ्या चाब्या समोर मागवून मगच सुरू करा.

हे कोणत्या पुस्तकात बसून कळत नाही. बेसा, मनीषनगरकडं नवीन गाड्या आणि डिजिटल कुलपं वाढलीत, आणि प्रोग्रामिंगची मशीन प्रत्येकाला परवडणारी नाही. मग दोघा-तिघांनी मिळून एक घ्यावी, किंवा ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं काम पाठवावं आणि कटाईचे पैसे आपण ठेवावेत. वाटा आधीच ठरवा, काम झाल्यावर नको. दोस्ती असताना हिशोब बोलायला जीभ अडखळते, पण न बोललेल्या हिशोबानंच दोस्ती तुटते. डिजिटल कुलपाच्या बाबतीतही एकमेकांना साधी गोष्ट सांगत जा. बॅटरी मेली तर बऱ्याच मॉडेलांत बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवायची किंवा यूएसबीनं वीज द्यायची सोय असते. दारात गेल्यावर ड्रिल काढायच्या आधी तिथं पाहा.

"सांगितलं तर चोर शिकतील" म्हणून सगळंच बंद ठेवणं

ही भीती आपलीच नाही, फार जुनी आहे. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिरानं चब या इंग्लिश कंपनीचं डिटेक्टर कुलूप २५ मिनिटांच्या आसपास उघडून दाखवलं. ब्रामा या लंडनच्या कुलूपवाल्याचं कुलूप तर १७९० पासून दुकानाच्या काचेत आव्हान म्हणून ठेवलेलं होतं, उघडणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस होतं. हॉब्जला त्यावर सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास लागले, पण तेही उघडलं. मग वाद पेटला, कुलपातल्या उणिवा उघड बोलाव्यात की नाही. हॉब्जची बाजू अशी होती की चोर आपल्या कामात आधीच तरबेज असतात, अंधारात राहतो तो बिचारा कुलूप विकत घेणारा. मला ही बाजू पटते, एका अटीवर. कारागिरानं कारागिराला सांगावं, रस्त्यावरच्या घोळक्याला नाही. कुलपाची जात बोलावी, कुलूप कोणाच्या दाराला आहे ते नाही.

म्हणून मोबाइलवर चाबीचा फोटो टाकून "हा कोणता ब्लँक?" असं विचारू नका. फोटोवरून कापांची खोली काढून चाबी बनवता येते. कापावर बोट ठेवा, फक्त खाचेचा आणि डोक्याचा फोटो काढा. एकाच वहीत पत्ता आणि चाबीचा कोड लिहू नका, ती वही हरवली तर लोकांची घरं हरवली. नाव-पत्ता एका रजिस्टरमध्ये, कोड लिहावाच लागला तर दुसरीकडं, कुलूपबंद.

"नाही" म्हटल्यावर गप्प बसणं

कोणी गाडी ढकलत आणतो, आरसी नाही, "घरी राहिली, नंतर दाखवतो." कोणी म्हणतो, माझ्याच खोलीचं कुलूप उघडा, आणि शेजारी सांगतात की तिथं भाडेकरू राहतो, घरमालक हा आहे. नवरा-बायकोच्या भांडणातही आपल्याला मध्ये घालतात. शहाणा चाबीवाला म्हणतो, "कागद दाखवा, नाहीतर होणार नाही." इथवर आपल्यातले बहुतेक लोक बरोबर वागतात.

चूक पुढची आहे. तो माणूस आपल्याकडून निघतो आणि पुढच्या चौकात जातो. तिथं गर्दी असते, दुकानात एकटा पोरगा असतो, जास्त पैसे मिळून राहिले म्हणून काम होतं. गाडी चोरीची निघाली तर बोलावणं त्या पोराला येतं, आणि पहिल्या दुकानदाराला रात्री झोप येत नाही. दोन दुकानांतलं अंतर कधीकधी चालत पाच मिनिटांचं असतं. एक फोन पुरतो. "काळी मोटरसायकल घेऊन एक जण येईल, कागद नाहीत, पाहून करजो." नाव पसरवायची, त्याला चोर म्हणायची गरज नाही, कदाचित त्याची आरसी खरंच घरी असेल. मग तो ती घेऊन येईल. प्रकरण जास्तच खटकलं तर ११२ आहे.

माझ्या मते आपल्या बिरादरीची खरी परीक्षा इथंच आहे. ज्यांचं एकमेकांशी बोलणं नाही, दरावरून ज्यांचा अबोला आहे, ते असा फोन करत नाहीत. दहा रुपयांनी स्वस्त चाबी कापणाऱ्यावर राग धरून बसलेला माणूस त्याला संकटाआधी सावध कसा करेल? म्हणून आधी बोलणं सुरू करा, दराचं नंतर पाहू.

मिळालेलं शेजाऱ्याला न सांगणं

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत कुलूपवाल्यांचा समावेश आहे. २० सप्टेंबर २०२४ ला तिच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम आपल्या शेजारी वर्ध्यातच झाला. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत, आणि तारण न ठेवता ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. ज्याचं काम झालं त्यानं कागद कोणते लागले, कुठं अडलं, ते दुसऱ्याला सांगावं. वय झालेल्या चाबीवाल्याला मोबाइलवरचा अर्ज जमत नाही, त्याच्यासोबत सेवा केंद्रात कोणीतरी जायला हवं.

यंदा खंडेनवमीला अवजारांची पूजा आपण आपापल्या टपरीत करूच. दुपारनंतर एका ठिकाणी जमू या. येताना प्रत्येकानं आपल्या मशीनवर, एकाच मूळ चाबीवरून कापलेली एक चाबी आणायची. ती मूळ चाबी आधी सगळ्या दुकानांतून फिरवू. कॅलिपर मी आणतो. काप मोजू, ज्याची मशीन हललेली निघेल तिची सेटिंग तिथंच बसून करू, आणि ज्याच्याकडं ब्लँकच्या नंबरांची यादी आहे त्यानं ती सोबत घेऊन यावी.