शेल्टरची जागा सोडायची वेळ आली तर

जागामालक काका वारून तीन महिने झाले होते. मे महिन्यात एका दुपारी त्यांचा थोरला मुलगा गेटवर कागद देऊन गेला. जमीन विकली आहे, जूनअखेर मोकळी करून द्या. आत ६३ कुत्री, १९ मांजरं आणि मागचा पाय मोडलेलं एक गाढव. पुण्याच्या पश्चिमेला आता उतारावरची पडीक जमीनही कुणी तशी ठेवत नाही, त्यामुळे असा कागद तुमच्याही हातात पडू शकतो. म्हणून आम्ही काय केलं आणि काय चुकलं ते लिहून ठेवते.

चुकलं ते पहिल्याच रात्री. घाबरून आम्ही सगळ्या ग्रुपवर पत्त्यासकट मदतीचा मेसेज टाकला. सकाळी गेटबाहेर खोक्यात चार पिल्लं सोडलेली होती, आणि मालकाच्या घरच्यांना वाटलं आम्ही त्यांची बदनामी करतोय. पुढचे आठ दिवस ते फोन उचलेनात. तेव्हा आधी मालकाशी बोला, जाहीर आवाहन नंतर.

बोलायला जाताना करार घेऊन जा. आमचा अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार कधीच संपला होता, पुढचं सगळं काकांच्या शब्दावर चाललेलं. तरीही वकिलांनी धीर दिला. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६३ नुसार परवाना, म्हणजे लायसन्स, रद्द झाला तरी जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी मुदत मिळायला हवी. वाजवी म्हणजे किती, ते तुम्ही पटवून द्यायचं. आम्ही डॉक्टरांकडून पत्र घेतलं की पावसाळ्यात ओल्या, नव्या जागेत इतकी जनावरं एकदम नेली तर रोगाची साथ पसरू शकते. आमच्या अर्जात रिकामं करून देण्याची तारीख आम्हीच लिहिली, मागच्या कुंपणाकडचा भाग लगेच सोडायची तयारी दाखवली आणि एका प्रतीवर पोहोच म्हणून सही घेतली. मालकालाही खरेदीदाराला तोंड द्यायचं असतं. तारीख पक्की दिसली की तो ऐकतो. आम्हाला दिवाळीपर्यंत मुदत मिळाली.

मग जागा शोधायला धावू नका, आधी वही करा. हे काम सगळ्यात महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक जनावराला एक पान: फोटो, अंदाजे वय, कुठून आलं, लसीची तारीख, नसबंदी झाली का, औषध काय, कुणाशी पटतं, कुणाशी नाही. आमची वही भरायला चार दिवस लागले आणि ६३ चा आकडा वेगळाच दिसायला लागला. चौदा कुत्री उपचार संपूनही नुसती राहिली होती. कानाला नसबंदीच्या खुणेची खाच असलेली, धडधाकट, आपापल्या गल्लीत खाऊ घालणारी माणसं असलेली. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी झालेलं मोकाट कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. मात्र शाळा, इस्पितळं, एसटी स्थानकं अशा आवारांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२५ चा आदेश वेगळा आहे, म्हणून पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाशी बोलल्याशिवाय एकही कुत्रं सोडू नका. ती चौदा अशी परत गेली, आणखी नऊ दत्तक गेली. घाईत कुणालाही देऊ नका. घर पाहूनच द्या. दोन जणांना मी तोंडावर नाही म्हटलं.

उरली ४०. तेवढ्यांसाठी अर्धा एकरही पुरला. नवी जागा बघताना सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा. बँकेचा बोजा, भाऊबंदांची नावं तिथे दिसतात. रिंगरोडसाठी तो गट जातोय का, तलाठ्याकडे विचारा. ग्रामपंचायतीची ना हरकत लेखी घ्या. करार नोंदणीकृतच करा, जमेल तितक्या वर्षांचा. पावसाळ्यात एकदा उभं राहून पाणी कुठे तुंबतं ते बघा, आणि तिथे आधी कुणी कुत्री पाळली होती का, पार्वो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराने दगावली होती का, हे शेजाऱ्यांना विचारा. पार्वो मातीत महिनोन् महिने टिकतो.

हलवायच्या दिवसासाठी डॉक्टरांचं प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र लागतं. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत ते आहे. गाभण मादी दिवस भरत आल्यावर नेता येत नाही. खाणं-पाणी निघायच्या दोन तास आधी उरकून घ्या. आम्ही पहाटे पाचला सुरुवात केली, दोन छोटा हत्ती, एका खेपेला आठ कुत्री. शेजारच्या खोलीतली शेजारीच ठेवली. प्रत्येकाचं गोणपाट न धुता सोबत नेलं.

आमची एक म्हातारी कुत्री आंधळी आहे. जुन्या जागेत ती खोलीच्या दारापासून पाण्याच्या कुंडीपर्यंत सरळ चालत जायची, एक पाऊल चुकायचं नाही. नव्या जागेत ती दिवसभर भिंतीला अंग लावून बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिचं दार जुन्याच दिशेला केलं, कुंडी तितक्याच अंतरावर उजवीकडे मांडली आणि मधे गोणपाटाची पट्टी अंथरली. संध्याकाळी ती हुंगत हुंगत निघाली आणि चपचप पाणी प्यायली. आंधळ्या आणि खूप म्हाताऱ्या जनावरांसाठी हे आधीच मोजून ठेवा.

मांजरं तीन आठवडे बंद खोलीतच राहू द्या, कितीही ओरडली तरी. ट्रस्ट असेल तर पत्ता बदलल्याचा अहवाल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो, तेही उरकून टाका.

आणि जुनी जागा लगेच विसरू नका. निघण्याआधी प्रत्येकाच्या पट्ट्यावर फोन नंबर लिहा आणि नव्या मालकाला विनंती करून गेटवर महिनाभर फलक राहू द्या. आमचा एक काळा कुत्रा तिसऱ्या रात्री कुंपणाखालून निसटला. चौथ्या दिवशी बुलडोझरवाल्याचा फोन आला, की तुमचं कुत्रं इथे पाडलेल्या गेटपाशी बसलंय, बिस्किटं दिली तरी उठत नाही. मी रिक्षा करून गेले, तेव्हा ते तिथेच होतं.