काळवंडलेला पळसाचा फोटो असा उजळवा

फेब्रुवारी-मार्चमधे अजिंठ्याच्या डोंगराकडं पळस फुलतो तेव्हा मागं पांढरं आभाळ असलं की कॅमेरा फसतो आन् फूल काळं येतं. डिलीट नका करू! लाईटरूममधे (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) एक्स्पोजर, म्हंजे एकूण उजेड, +१ च्या आसपास न्या, हायलाईट्स (उजळ भाग) खाली ओढा, शॅडोज (गडद भाग) हळूहळू वर. खरी काळजी लाल रंगाची घ्यायची, हिस्टोग्राममधे (उजेडाचा आलेख) लाल उजव्या कडेला टेकला की पाकळीवरची मखमल जाते, नुसता केशरी डाग उरतो, म्हणून सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवूच नका, उलट केशरीचं ल्युमिनन्स (उजळपणा) जरासं कमी करा. फोटोत दाणे दिसले तर ते घालवणारं नॉइज रिडक्शन थोडंच वापरा. रॉ फाईल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) असली तर लई बरं, जेपीजीत दर रंगाला ८ बिटच असतात म्हंजे छटा कमी, जास्त ओढलं की रंगाचे पट्टे पडतात.