आधी पंप, मग फेरी

ठाण्याच्या कचराळी तलावावर सकाळी भेटणारे सीओपीडीवाले, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लावणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे रुग्ण, बहुतेक जण श्वासातून घ्यायच्या औषधाचा पंप खिशात ठेवतात आणि धाप लागून पाय थांबले की बाहेर काढतात. आमच्या ह्यांचा क्रम उलटा: आधी पंप, मग फेरी.

कारण साधं आहे. या आजारात हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं जड जातं. चालताना श्वासांची घाई होते, जुनी हवा पुरती निघायच्या आत पुढचा श्वास येतो, छाती फुगलेलीच राहते. औषधाने श्वासनळ्या सैलावतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते. पण दम लागतो म्हणून बसून राहिल्याने मांड्या वाळलेल्या असतात, त्यांना पंप काय करणार? म्हणून दोन्ही एकत्र. २००५ साली ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. व्यायाम सगळ्यांनाच दिला, टायोट्रोपियम हे श्वासनळ्या सैलावणारं औषध काहींनाच. औषधवाले ट्रेडमिलवर जास्त वेळ टिकले.

हृदयविकार असेल तर तपासणीशिवाय सुरुवात करू नका. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोन-तीनदा, असे सहा-आठ आठवडे काढलेत तर उत्तम. आणि कुठला पंप, किती पफ, हे डॉक्टरच ठरवणार. शेजाऱ्यांचा पंप उसना घ्यायचा नाही.

ह्यांना टायोट्रोपियमची कॅप्सूल सकाळी एकदाच, ती चोवीस तास पुरते. ही कॅप्सूल गिळायची नसते! पाण्याबरोबर घेणारी माणसं मी पाहिली आहेत. यंत्रात घालून पूड जोरात, खोल ओढायची. नंतर मी रिकामी कॅप्सूल खिडकीच्या उजेडात धरून बघते. तळाशी पांढरी पूड दिसली की पुन्हा एकदा ओढायला लावते. ह्यांना ते पोलीसगिरी वाटते. वाटू दे.

साल्ब्युटामॉल, म्हणजे लगेच श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, त्याचा पंप निघण्याआधी पंधरा मिनिटं. इथे जोर नको. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, ओठांत घट्ट धरून पंप दाबायचा आणि सावकाश ओढायचं. दहा आकडे श्वास रोखायचा. दुसरा पफ सांगितला असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून. स्पेसर आठवड्याला साबणाच्या कोमट पाण्यात धुवून तसाच वाळवा; फडक्याने पुसला की औषध त्याच्या भिंतींनाच चिकटतं. स्टेरॉइडचा पंप असेल तर चूळ भरायलाच हवी.

मधल्या पंधरा मिनिटांत बूट, खांदे फिरवणं, आणि जेवणाच्या खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस. मांड्यांसाठी यासारखा स्वस्त व्यायाम नाही.

मग तलाव. वेग घड्याळावर नाही, धापेवर ठरवायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आता जीव जातो. मी मधूनमधून “किती?” विचारते, हे बोलत नाहीत, बोटं दाखवतात. चार ते सहा बोटं हवीत. दोनच दिसली तर मी म्हणते, “अहो, गप्पा मारायला आलोय का? चला जरा पटपट.” सातच्या वर गेले की कठड्याला हात टेकून पुढे वाकायचं, गरम चहा फुंकतो तसे ओठ करून हळूहळू श्वास सोडायचा. दोन पावलं आत, चार पावलं बाहेर, हा हिशेब चालतानाही ठेवायचा. थांबून पुन्हा निघालं तरी तो व्यायामच. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर त्या दिवशी तिथेच बास.

हवा धुरकट असेल किंवा पाऊस लागला असेल तेव्हा आम्ही बिल्डिंगच्या पॅसेजमध्येच फिरतो. घोडबंदर रोडच्या कडेने तर कधीच नाही.

साल्ब्युटामॉलने हात थोडे थरथरतात, छाती धडधडते. बहुधा थोड्या वेळाने उतरतं. पण नेहमीच्याच फेरीला जास्त पफ लागायला लागले, किंवा कफाचा रंग बदलला, तर चालणं राहू द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.